मराठी वक्तृत्व-वादविवाद स्पर्धेत पहिल्यांदा उतरताय?

शाळेत टिळक पुण्यतिथीला पाठ केलेलं भाषण ठणठणीत म्हणून दाखवलेलं असतं, टाळ्या मिळालेल्या असतात. त्या भरवशावर कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला नाव दिलं जातं आणि पहिल्याच वेळी मुलं बुचकळ्यात पडतात. आवाज होता, पाठांतर होतं, हातवारे होते. मग नंबर त्या शांतपणे बोलणाऱ्या मुलीचा कसा आला?

मी कॉलेजची वर्षं या स्पर्धांमध्ये घालवली आणि आता अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. महाराष्ट्रातल्या मराठी स्पर्धांपुरतं, नवख्या माणसाला लागेल तेवढं इथे सांगतो.

१. स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा

परिपत्रक नीट वाचा. निम्मी मुलं फक्त विषय आणि बक्षिसाची रक्कम वाचतात.

वक्तृत्व स्पर्धेत चार-पाच विषय आधी जाहीर होतात, त्यातला एक घेऊन बोलायचं. वादविवादात सहसा कॉलेजचा दोघांचा संघ असतो: एक जण विषयाच्या बाजूने, दुसरा विरोधात. वैयक्तिक बक्षिसं वेगळी आणि दोघांच्या गुणांच्या बेरजेवर सांघिक करंडक. उत्स्फूर्त वक्तृत्वात विषयाची चिठ्ठी तिथेच उचलायची. मोठ्या स्पर्धांमध्ये फेऱ्या असतात. लोकसत्ताने २०१५ साली सुरू केलेल्या 'वक्ता दशसहस्रेषु'मध्ये प्राथमिक, विभागीय आणि महाअंतिम अशी चढण आहे. विद्यापीठांच्या युवा महोत्सवातही हे प्रकार असतात, पण पुढे राष्ट्रीय आंतरविद्यापीठ महोत्सवात माध्यम हिंदी किंवा इंग्रजी असतं. तिथवर जायची इच्छा असेल तर दुसऱ्या भाषेची तयारी आतापासूनच करा.

इंग्रजी कॉलेजांतली संसदीय पद्धत हा वेगळाच खेळ आहे. ब्रिटिश पद्धतीत दोघादोघांचे चार संघ, विषय कळल्यावर पंधरा मिनिटांची तयारी, सात मिनिटांचं भाषण आणि मध्येच उभं राहून प्रश्न विचारणारे प्रतिस्पर्धी. मराठी स्पर्धेच्या सवयीने तिथे गेलात तर पहिल्याच फेरीत दमछाक होईल. तरी एकदा जाऊन बघाच, खंडन तिथे फार चांगलं शिकायला मिळतं.

सापळा: परिपत्रकात वेळ '५+२' अशी छापलेली असते. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ पाचव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, सातव्याला शेवटची आणि त्यानंतर गुणवजावट. पण काही वादविवाद स्पर्धांत ती वरची दोन मिनिटं खंडनासाठी राखलेली असतात. परिपत्रकावरच्या नंबरावर फोन करून विचारून घ्या.

२. कागदपत्रं आणि सामान

- प्राचार्यांच्या सही-शिक्क्याची प्रवेशिका. सांस्कृतिक विभागाचे सर नेमके त्याच दिवशी रजेवर असतात, तेव्हा ही आठवडाभर आधी करून घ्या.
- चालू वर्षाचं ओळखपत्र. ते अजून मिळालं नसेल तर बोनाफाईड दाखला.
- वयाची अट असेल तर जन्मतारखेचा पुरावा.
- प्रवेश शुल्क भरल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट.
- परगावी जाणार असाल तर एसटीची किंवा रेल्वेची तिकिटं. काही संयोजक एका बाजूचं भाडं देतात, पण तिकीट दाखवल्यावरच.
- घड्याळ, दोन पेनं, पोस्टकार्डाएवढे कोरे कागद.

पोशाखाबद्दल मुलं फार विचारतात. स्वच्छ आणि अंगावर नीट बसणारा, एवढं पुरे. शिवचरित्रावर बोलायचं म्हणून फेटा बांधून येऊ नका.

३. विषय निवडताना

चार विषयांत एक बहुतेक वेळा भावनेचा असतो (आई, शेतकरी, सैनिक), एक घोषणेसारखा आणि एखादा कोरडा दिसणारा, म्हणजे धोरण, कायदा किंवा अर्थकारणावरचा. साठ-सत्तर स्पर्धकांतले निम्म्याहून जास्त पहिल्यावर तुटून पडतात. सकाळपासून परीक्षकांनी वीस आया आणि पंधरा आत्महत्या ऐकलेल्या असतात; एकविसाव्या आईला डोळ्यांत पाणी कुठून आणणार? कोरडा विषय घ्या. स्पर्धक कमी, आणि थोडं वाचलेलंही लगेच उठून दिसतं.

अपवाद एकच. भावनेच्या विषयात तुमच्याकडे इतर कोणाकडे नसलेली माहिती असेल, म्हणजे तुमच्या घरी द्राक्षबाग आहे आणि औषध फवारणीपासून व्यापाऱ्याच्या दरापर्यंत सगळा हिशेब तुम्हाला तोंडपाठ आहे, तर मग तुम्ही शेतकऱ्यावर बोलाच.

४. विषयाची फोड करा

लेखातला सगळ्यात कामाचा भाग हा आहे, म्हणून उदाहरणच घेऊ. समजा विषय आहे: 'या सभागृहाच्या मते आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण चुकीचं होतं.'

नवखा वक्ता लगेच लिहायला बसतो: 'परीक्षाच बंद केल्या आणि पिढी बरबाद झाली!' थांबा. आधी तीन कामं करायची.

पहिलं, मूळ गोष्ट काय होती ते मुळातून वाचा. हे धोरण आलं २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्यातून. तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही. कलम ३० सांगतं की तोवर बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती नाही. कलम २९ मध्ये मुलाला किती समजलं याच्या सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाची तरतूद आहे. म्हणजे 'परीक्षा बंद केल्या' हे वाक्य मुळातच खोटं आहे. कायद्याने मूल्यमापन वाढवायला सांगितलं होतं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि त्यातही नापास झाल्यास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने तो मार्ग २०२३ मध्ये धरला. एवढं वाचायला एक संध्याकाळ लागते आणि तुम्ही तिथेच निम्म्या स्पर्धकांच्या पुढे जाता.

दुसरं, विषयातला भांडणाचा शब्द शोधा. इथे तो 'चुकीचं' हा आहे. हेतू चुकीचा, आखणी चुकीची की अंमलबजावणी? अनुकूल वक्त्याने 'आखणी' धरली तर त्याचा किल्ला मजबूत होतो: ज्या शाळांत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात तिथे सर्वंकष मूल्यमापन होणार नाही हे आधीच दिसत होतं, तरी धोरण त्यावरच उभं केलं, म्हणून ते चुकीचं. प्रतिकूल वक्त्याने हेतू आणि अंमलबजावणी वेगळी काढायची: मूल्यमापन करायचं सोडून शाळांनी फक्त वर ढकलायचं तेवढं घेतलं, हा दोष कलम १६ चा कसा?

तिसरं, निकष ठरवा आणि तो उघड सांगा. 'धोरण योग्य की अयोग्य हे मी एकाच कसोटीवर बघणार आहे: मूल शाळेत टिकलं का, आणि टिकलं तर शिकलं का.' हे वाक्य सुरुवातीला आलं की परीक्षक सावरून बसतात, कारण आता पुढचं भाषण कशावर तोलायचं ते त्यांना कळलेलं असतं. निकष न सांगता बोलणाऱ्याचे मुद्दे चांगले असूनही हवेत राहतात.

पुराव्याबद्दल दोन शब्द. याच विषयात शिक्षणक्षेत्रातल्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या असर अहवालाचा दाखला सगळे देतात. तो अहवाल ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा आहे. त्याच्या जोरावर 'भारतातली सगळी मुलं' म्हणालात तर जाणकार परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो. आणि आइन्स्टाईन, चाणक्य, विवेकानंद, कलाम यांच्या नावावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी वाक्यं वापरू नका. मूळ कुठे आहे हे सांगता येत नसेल ते वाक्य भाषणातून काढा.

५. पूर्वपक्ष मांडायला शिका

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेची जुनी शिस्त होती: आधी समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, त्यालाही पटेल इतक्या ताकदीने मांडायचं, मगच ते खोडायचं. आजच्या वादविवाद स्पर्धांत हे जवळपास कोणी करत नाही. दोन्ही बाजूंचे वक्ते आपापली पाठ केलेली भाषणं एकामागून एक म्हणतात, वाद होतच नाही. ज्याने खरोखर उत्तर दिलं तो म्हणूनच चटकन लक्षात राहतो.

नमुना बघायचा असेल तर संविधान सभेतलं डॉ. आंबेडकरांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण वाचा, मसुदा सभेपुढे ठेवतानाचं. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर फुकट मिळतात. इंग्रजी थोडं जड वाटेल, पण रचना बघा. मसुद्यावरचे आक्षेप ते एकेक करून घेतात: यात नवं काहीच नाही, ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून बरंच उचललंय, खेड्यांना स्थान नाही, केंद्र फार बलवान केलंय. १९३५ च्या कायद्याच्या आक्षेपावर ते आधी कबूल करतात की घेतलंय, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही असंही सांगतात. मग आणखी एक पाऊल मागे घेतात: कारभाराचे बारीक तपशील संविधानात नसावेत, हे तत्त्व मान्य. आणि त्यानंतर, या देशात आज ते का हवेत, याचं कारण देतात. हे जे मान्य करणं आहे, तिथे त्यांचं उत्तर बळकट होतं. नवख्या वक्त्याला वाटतं की एक इंच दिला तर हरलो.

सरावासाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे समोरच्याचे पाच सर्वांत चांगले मुद्दे (सोपे आणि हास्यास्पद नकोत, ते खोडून काही मिळत नाही), उजवीकडे प्रत्येकाचं दोन वाक्यांत उत्तर. तुमच्या संघातला जोडीदार नेमका विरुद्ध बाजूने बोलणार असतो, त्याच्यासारखा सरावाचा गडी नाही. एकमेकांची भाषणं फाडा. बऱ्याच जोड्या एकमेकांपासून मुद्दे लपवतात, वैयक्तिक बक्षिसासाठी! असं करून करंडकही जातो आणि बक्षीसही.

मंचावर खंडन करताना क्रम असा ठेवा: मागच्या वक्त्या काय म्हणाल्या, ते कुठे अडतं, का अडतं, आणि त्यामुळे निकालावर काय फरक पडतो. शेवटचा भाग लोक विसरतात. 'नापास झालेलं मूल त्याच पुस्तकातून, त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा शिकतं. मग दुसऱ्यांदा त्याला समजेल हे कशावरून?' हा प्रश्न चांगला आहे. पण पुढे 'म्हणून मागे ठेवल्याने शिक्षण सुधारतं, हा त्यांचा मुख्य आधार राहत नाही' हे बोलल्याशिवाय गुण पदरात पडत नाहीत.

टोमणे टाळा. 'माझ्या विद्वान मित्राला बहुधा वर्तमानपत्र परवडत नाही' यावर सभागृह हसतं, परीक्षक हसत नाहीत.

६. संहिता लिहा, पण शब्दन् शब्द पाठ करू नका

मराठीत स्पष्ट बोलायचं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. सहा मिनिटांचं लक्ष्य धरलं तर साडेसहाशे-सातशे शब्द. बाराशे शब्द लिहून ते दामटवत म्हणणारे दर स्पर्धेत भेटतात. त्यांचं काही लक्षात राहत नाही.

पूर्ण भाषण एकदा लिहून काढा, म्हणजे विचारातली भगदाडं दिसतात. मग ती संहिता बाजूला ठेवा आणि कागदावर फक्त मुद्दे, आकडे, नावं उतरवा. सुरुवातीची दोन वाक्यं आणि समारोपाची दोन वाक्यं तेवढी पाठ. बाकीचं दर सरावात वेगळ्या शब्दांत आलं पाहिजे. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची ओळ सापडत नाही. मुद्दे पाठ असले की एक मुद्दा विसरला तरी दुसऱ्यावर जाता येतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

'सन्माननीय व्यासपीठ, निःपक्षपाती परीक्षक, अचूक वेळाधिकारी आणि इथे जमलेल्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो' यात पंधरा-वीस सेकंद जातात. 'नमस्कार' म्हणा आणि विषयाला हात घाला. शेरोशायरीबद्दल माझं मत कडवट आहे: सात मिनिटांत एक कविता चालते, तीही मुद्दा पुढे नेत असेल तरच. टाळीसाठी घातलेला शेर लगेच कळतो.

७. आवाज, उच्चार, माईक

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. 'हे धोरण न्याय्य आहे असं म्हणता येणार नाही' यातलं शेवटचं 'नाही' श्वास संपल्यामुळे गिळलं गेलं की तुम्ही विरुद्ध बाजूने बोललात असं मागच्या रांगेला वाटतं. नवख्यांचा आवाजाचा दोष बहुतेक वेळा हाच असतो: वाक्य जोरात सुरू आणि शेवट खाली पडलेला. उपाय कंटाळवाणा आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि ऐकताना फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द मोजा, किती ऐकू येतात ते. त्याच वेळी 'म्हणजे', 'आणि मग', 'अ‍ॅक्च्युअली' किती वेळा आलं तेही कळेल.

उच्चारांत 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'स' वेगळे ऐकू आले पाहिजेत; 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च एक नाही. यावर गुण कापणारे परीक्षक आहेत, हे माहीत असू द्या. पण वऱ्हाडी किंवा मालवणी हेल आहे म्हणून खजील व्हायचं कारण नाही. पुणेरी बोलण्याची नक्कल मात्र तिसऱ्या वाक्यात उघडी पडते.

माईक तोंडापासून साधारण वीतभर, किंचित एका बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फटका बसत नाही. टकटक करू नका, फुंकर तर नाहीच. तुमच्या आधीचा वक्ता उंच असेल तर माईक खाली घ्यायला पाच सेकंद घ्या. त्या सेकंदांचे गुण कोणी कापत नाही.

ऐकण्याचा रियाजही हवा, आणि तो समोर बसून. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्या. रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. ती आजही उन्हाळ्यात भरते. नाशिकचीही वसंत व्याख्यानमाला आहे, ती मे महिन्यात गोदाकाठी भरते. प्रवेश मोफत, खुर्च्या मोकळ्या. चांगला वक्ता श्रोत्यांकडे बघून वाक्य कसं आवरतं घेतो किंवा वाढवतो, हे यूट्यूबवरच्या कापलेल्या तुकड्यांत दिसत नाही.

८. उत्स्फूर्त फेरी

चिठ्ठीत 'उंबरठा' असा एकच शब्द निघतो आणि हाताशी थोडीच मिनिटं असतात. 'प्राचीन काळापासून उंबरठ्याला महत्त्व आहे' असं सुरू केलंत तर संपलंच. शब्दाचे सगळे अर्थ सांगायचा मोह सोडा, एकच उंबरठा निवडा. बहुतेक जण घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीवर जातील. तुम्ही तलाठी कार्यालयाचा सहा इंची दगडी उंबरठा घ्या, जो चाकाच्या खुर्चीला ओलांडता येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले, सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगितलं, आणि तरी माणूस दारात थांबलेलाच आहे. एक दावा, दोन कारणं, एक ठोस चित्र. तीन मिनिटं भरतात.

यासाठी रोज अग्रलेख वाचा आणि आठवड्याला तीन-चार तारखा, आकडे, कायद्यांची नावं एका छोट्या वहीत टिपा. तिथे आयत्या वेळी वाचून भागत नाही, आधीचं साठलेलंच कामाला येतं.

९. स्पर्धेच्या दिवशी

नोंदणीला अर्धा तास आधी पोचा. क्रमांकाची चिठ्ठी पहिली निघाली तर रडू नका. पहिला वक्ता विषयाची व्याख्या आणि निकष मांडू शकतो, बाकीचे त्याच चौकटीत अडकतात. शेवटचा क्रमांक आला तर सगळी भाषणं ऐका आणि लिहून घ्या. बाहेर चहाच्या टपरीवर बसून स्वतःचं भाषण घोकणारे शेवटचे वक्ते ही हातातली संधी घालवतात.

घंटा वाजली की वाक्य पूर्ण करा, समारोपाची दोन वाक्यं बोला, खाली या. 'वेळेअभावी मला थांबावं लागतंय' हे म्हणायलाही वेळ जातोच.

विसरलात तर पाणी प्या, कागदाकडे बघा, पुढचा मुद्दा घ्या. 'सॉरी' म्हणू नका. तुमच्या लेखी युगानुयुगाचा असणारा तो थांबा खाली बसलेल्यांना तीन सेकंदांचा वाटतो.

१०. निकालानंतर

बक्षीस समारंभ होताच परीक्षकांना गाठा, नंबर आला असेल तरीही. 'मला का नाही दिलं?' असं विचारलंत तर गुळमुळीत उत्तर मिळेल. 'माझा कोणता मुद्दा तुमच्यापर्यंत पोचला नाही?' असं विचारा, म्हणजे नेमकं सांगतील. ते त्याच दिवशी परतीच्या गाडीत वहीत लिहा, विजेत्याने कोणता मुद्दा कसा मांडला तेही.

निघण्यापूर्वी प्रमाणपत्रावरचं नाव, कॉलेज आणि तारीख तिथेच तपासा. नावातली वेलांटी चुकली तर संयोजकांकडून नंतर दुरुस्त करून घेणं म्हणजे चार फोन आणि एक फेरी. भाड्याची तिकिटं जमा करून पैशांची पावतीही टेबलावरूनच घ्या. फिरता करंडक मिळाला असेल तर पुढच्या वर्षी तो कोणत्या तारखेला, कोणी परत आणून द्यायचा हे लेखी घ्या, कारण तोवर तुमच्यातलं कोणीतरी पास होऊन गेलेलं असतं.